आगोट भरली, कागद खय आसत?

मे संपत आला की देवबागात घराघरांत एकच घाई. वाळलेली सुंगटं डब्यांत भरायची, तांदूळ, कुळीथ, सोलं आणून ठेवायची, चुलीची लाकडं पडवीत रचायची, होडी वर ओढून झापांनी झाकायची. एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, मधे माडांची चिंचोळी पट्टी. इथे पावसाळा बेगमीशिवाय काढता येत नाही. या आगोटीचा हिशोब इथल्या बायकांच्या बोटांवर असतो. किती माणसं, किती महिने, किती पायल्या, सगळं तोंडपाठ.

आणि त्याच घरात कर्ता माणूस गेला की तेराव्यानंतर बायकोच्या तोंडून एक वाक्य ऐकू येतं. ‘सगळा तेच बघीत. माका कायएक म्हायत नाय.’

खातं कुठल्या बँकेत, कर्ज किती राहिलंय, होडी कोणाच्या नावावर, विमा आहे की नाही? माहीत नाही. हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. तिचा नाही, गेलेल्याचा. आकाशाकडे बघून वारा कधी फिरणार ते सांगणाऱ्या माणसाने बायकोला पासबुक कुठे ठेवलंय तेवढं सांगितलं नाही.

पूर्वी हे खपून जायचं. मासळीचे पैसे हातात यायचे, हातातून जायचे. कागद फारसे नव्हतेच. आता मागच्या अंगणात दोन खोल्या चढतात, न्याहारी-निवासाची पाटी लागते, स्कूबाच्या होडीत भागीदारी होते. म्हणजे कर्ज आलं. पर्यटक ऑक्टोबर ते मे येणार, मेअखेर वॉटर स्पोर्ट्स बंद होणार, आणि हप्ता मात्र बारा महिने. २०२० चा मे टाळेबंदीने खाल्ला, २०२१ चा टाळेबंदी आणि तौक्ते वादळाने मिळून. ओळीने दोन. तेव्हा तिसरी खोली काढण्याआधी पावसाळ्याचे चार हप्ते आणि एका बुडालेल्या हंगामाचा खर्च बाजूला पडलाय का, एवढं बघा. नसेल तर खोली थांबवा. मी हे हात जोडून सांगतो.

मुलीचं लग्नही मेमध्येच. हंगामाची अख्खी कमाई मांडवात जाते आणि चौथ्या दिवशी जून उभा राहतो. लग्न करा, हौसेने करा, पण जून ते सप्टेंबरचे पैसे आधी काढून ठेवा आणि उरतील त्यांत मांडव घाला. पाहुणे जेवून जातात, सावकार दारात बसून राहतो.

आता एक तारीख. १ जून. त्या दिवशी यांत्रिक मासेमारी बंद होते, हे इथे पोरालाही ठाऊक. त्याच दिवशी सरकारच्या दोन विमा योजनांचं वर्ष सुरू होतं. जीवनज्योतीचे ४३६ रुपये, सुरक्षा विम्याचे २० रुपये. एकात कुठल्याही कारणाने मृत्यू आला तर, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला, वारसांना दोन-दोन लाख. पैसे मेअखेर खात्यातून आपोआप कापले जातात. खात्यात शिल्लक नसेल तर विमा तुटतो, आणि घरात ते कळतं ते दावा करायला गेल्यावर. ४५६ रुपये. बाजारात एका चांगल्या सुरमईला याहून जास्त पडतात.

नॉमिनीचं नाव लावलंय, मग झालं, असं म्हणू नका. जयंत साळगावकर आपल्या मालवणचे, ‘कालनिर्णय’चे संस्थापक. २०१३ मध्ये गेले. मृत्युपत्र केलेलं होतं. तरी काही शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या नॉमिनेशनवरून कुटुंबातला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकाल लागला १४ डिसेंबर २०२३ ला. नॉमिनी मालक होत नाही, वारसाहक्काचा कायदाच चालतो. बँकेतल्या ठेवीचंही तेच. ज्यांच्या दिनदर्शिकेत आपण घरातलं प्रत्येक कार्य शोधतो, त्यांच्या घरातही दहा वर्षं गेली. मग आपल्या सातबाऱ्याचं काय, जिथे अजून आज्याचं नाव आहे आणि निम्मे वारस मुंबईत? खोलीसाठी बँकेत गेलात की त्या सगळ्यांच्या सह्या लागतील. मुंबईकर गणपतीला येतात, दहा दिवस एका पंक्तीत जेवतात. वारसनोंदीचा विषय त्या पंक्तीतच काढा.

विचारायला बायकांनी सुरुवात करावी. बेगमीची सवय त्यांनाच आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात शेवटचे पाहुणे गेले की सुंगटांचे डबे फळीवर लावताना शेजारी एक पत्र्याची पेटी ठेवा. पासबुक, कर्जाचा कागद, होडीची नोंदणी, सातबारा, विम्याचा कागद. आणि घोवाला समोर बसवून, एकेक कागद हातात धरून विचारा, ‘ह्या काय आसा?’