स्टॉपर बाजारात मिळत नाही

२४ एप्रिल २०२४. फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम, इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपान्त्य फेरीचा पहिला सामना. नव्वद मिनिटं भरत आलेली आणि एफसी गोवा मुंबई सिटीपुढे २-० अशी आघाडी घेऊन उभा. एक गोल बोरिस सिंगचा, एक ब्रँडन फर्नांडिसचा. मग मुंबईचा छांगटे. मग विक्रम प्रताप. मग पुन्हा छांगटे. सहा-सात मिनिटांत तीन गोल आणि सामना २-३. मुंबईतल्या परतीच्या लढतीत आणखी दोन खाल्ले आणि गोव्याचा हंगाम संपला.

त्या रात्री गोव्याचा मधला बॅक संदेश झिंगन मैदानात नव्हता. जानेवारीत आशियाई चषकात सीरियाविरुद्ध त्याचा गुडघा गेला आणि त्यापाठोपाठ उरलेला हंगामही गेला.

पुढच्या वर्षी, ६ एप्रिल २०२५ला, पुन्हा फातोर्डा आणि पुन्हा उपान्त्य फेरी. बंगळुरूची पहिल्या सामन्यातली दोन गोलांची आघाडी गोव्यानं भरून काढली होती. भरपाई वेळेत चाळिशीतल्या सुनील छेत्रीनं हेडर मारला आणि गोवा बाहेर. १४ ऑक्टोबर २०२५ला याच मैदानावर भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. तेव्हाही झिंगन बाहेरच होता. आदल्या सामन्यात दुसरं पिवळं कार्ड मिळून त्याला मैदान सोडावं लागलं होतं.

झिंगन असता तर हे सामने जिंकलो असतो, असं मी म्हणत नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये तो होता, तरी हरलो. बचावाची सगळी मदार एका माणसाच्या गुडघ्यावर आणि एका कार्डावर ठेवणं चूक आहे, एवढंच मी म्हणतो. शेवटच्या दहा मिनिटांत पाय जड होतात, तेव्हा बाकावरून उठून उभा राहील असा ताजा, तयार स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, लागतो. तो आपल्याकडे नाही.

आता वयं बघा. झिंगनचा जन्म २१ जुलै १९९३चा. २०२४-२५च्या हंगामात त्याच्या जोडीला ओडेई ओनाइंडिया होता, १९८९चा. या पिढीनं गोव्याला भरभरून दिलं. मे २०२५मध्ये भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप आणला, त्या संघाचा कणा हीच माणसं होती. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण त्याच उन्हाळ्यानंतर २००१चा जय गुप्ता, पुण्याचा डावा बॅक, ईस्ट बंगालला गेला. जाणारा तरुण आणि राहणारा झिंगन तिशीपार. हिशेब उलटा झाला.

विंगर विशीतच चमकतो. स्टॉपर पंचविशीनंतर पिकतो. ऑफसाइडची रेषा कधी पुढे ओढायची, कधी चेंडूवर जायचं, कधी एक पाय मागे घ्यायचा, शेजारच्या बॅकला कुठल्या क्षणी ओरडून सांगायचं, हे शिबिरात शिकवून येत नाही. जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून येतं. भजनी मंडळात बुवांच्या मागे बसून चाल उचलणारा पोरगाच पुढे बुवा होतो. बुवांचा आवाज बसल्यावर नवा बुवा शोधायला निघालं तर त्या वर्षीचं भजन पडतं.

म्हणून वारस शोधायची वेळ जुना खेळाडू निवृत्त होतो तेव्हाची नव्हे. तो एकोणतीस-तीस वर्षांचा असतो, अजून सगळे सामने खेळत असतो, तेव्हाची आहे. दोन-तीन हंगाम दोघांनी एकत्र काढले पाहिजेत. गोव्यानं ती वेळ घालवली आहे. आता निदान उरलेली तरी घालवू नये.

गोव्याला बचाव माहीत नाही असं कोणी म्हणू नये. १९८४चा संतोष करंडक गोव्यानं एकही गोल न खाता जिंकला, गोलात ब्रह्मानंद शंखवाळकर होते. डेम्पोनं २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं. महेश गवळी आणि समीर नाईक हे गोव्याचेच बॅक त्या संघातून खेळले. आज एफसी गोवाचा झिंगन चंदीगडचा, निम दोरजी सिक्कीमचा. बाहेरून येणाऱ्याचं स्वागतच आहे, पण आपल्या मातीतला मधला बॅक कुठे आहे? २०१६मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग आय-लीगमधून बाहेर पडले. विशीतल्या गोमंतकीय बॅकला मोठ्या सामन्यांत चुका करून शिकायची जागा त्या दिवशी आटली. आयएसएलमध्ये मधल्या बॅकची जागा क्लब आधी परदेशी खेळाडूला देतात. मग शिकणाऱ्यानं शिकायचं कुठे?

असा मुलगा शोधायला आता पेडण्याकडे या. गोव्यात फुटबॉल आला तो १८८३मध्ये, फादर विल्यम लायन्स यांच्याबरोबर, शिवोलीत. शिवोलीहून शापोरा नदी ओलांडली की चोपडे, म्हणजे पेडणे तालुका. एकशे चाळीस वर्षांत चेंडूला ही नदी नीट ओलांडता आलेली नाही. गोव्याच्या संघांची भरती मुख्यतः सासष्टी-बार्देशातून होत राहिली. पेडण्यात मोपाचा विमानतळ उभा राहिला, पण तिथल्या मुलाला चांगल्या टर्फवर खेळायचं तर बहुतेक वेळा म्हापशाचं धुळेर मैदान गाठावं लागतं आणि फातोर्डा तर साठेक किलोमीटरवर. सराव संपेपर्यंत अंधार पडतो, परतीची बस मिळेलच याची खात्री नसते. दहावीच्या वर्षी घरचे सांगतात, पुरे झालं. तिथेच एक स्टॉपर संपतो. त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं, म्हणून तो गेल्याचं कोणाला कळतही नाही.

डिचोलीत काय करता येतं, ते दिसलेलं आहे. सेसा गोवा या खाणकंपनीनं १९९९मध्ये फुटबॉल अकादमी सुरू केली आणि याच तालुक्यातल्या साखळी गावात मुलांना ठेवून घेऊन शिकवलं. २०१२ला खाणी थांबल्या, २०१८ला पुन्हा थांबल्या, तालुक्याचं अर्थकारण कोलमडलं, तरी अकादमी टिकली. राहायला जागा, दोन वेळचं जेवण, शाळा आणि रोजचा सराव एका ठिकाणी मिळाला की डिचोलीचा मुलगाही फुटबॉलपटू होतो. एवढं साधं आहे.

तेव्हा एफसी गोवाच्या व्यवस्थापनाला आणि गोवा फुटबॉल विकास मंडळाला सरळ सांगणं आहे.

एक, तिशीला आलेल्या प्रत्येक बॅकसमोर त्याच्या वारसाचं नाव आजच लिहा. नाव सुचत नसेल तर नवा परदेशी स्ट्रायकर शोधण्याआधी ते शोधा.

दोन, मधल्या जोडीत दोघेही तिशीपार ठेवू नका. एक जाणता, एक शिकणारा. शिकणाऱ्याला सुपर कपमध्ये, ड्युरंडमध्ये आणि लीगमध्ये शेवटची वीस मिनिटं द्या. तो चुकेल, एखादा सामना जाईलही. तो खर्च आज करा, कारण उपान्त्य फेरीत त्याची किंमत फार मोठी असते.

तीन, पेडणे आणि डिचोलीत चौदा-पंधरा वर्षांच्या उंच, डोकं शांत असलेल्या मुलांसाठी फक्त बचावाची केंद्रं चालवा. प्रशिक्षक तिथे पाठवा आणि संध्याकाळच्या बसची सोय करा. महेश गवळींसारखी माणसं याच गोव्यातली आहेत, त्यांना आठवड्यातून एक दिवस त्या मैदानावर उभं करा. बॅकला बॅकनंच शिकवावं.

आयएसएलचा २०२५-२६चा हंगाम कधी सुरू होणार, हेच महिनोन्महिने ठरत नव्हतं. अशा अनिश्चिततेत क्लबनं पुढची पाच वर्षं कशी आखायची, असं विचारतील. उत्तर सोपं आहे. स्पर्धेचं वेळापत्रक क्लबच्या हातात नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला शिकवणं मात्र पूर्णपणे त्याच्याच हातात आहे.

झिंगन अजून खेळतो आहे, तोवर त्याच्या शेजारी उभा करायचा पेडण्याचा किंवा डिचोलीचा मुलगा निवडा. याच वर्षी निवडा.