बॉयकॉट कुणी कुणाला करायचा?

'बॉयकॉट' हे इंग्रजी क्रियापद मुळात एका कारभाऱ्याचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नची जमीन सांभाळायचा. १८८० मध्ये पीक बुडालेल्या कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली. मालक दहावर अडला आणि बॉयकॉटने कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. काही दिवसांपूर्वीच एनिस गावच्या सभेत आयरिश नेता पार्नेलने मार्ग सांगितला होता: हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल, त्याच्याशी सगळे संबंध तोडा. लोकांनी तो मार्ग थेट कारभाऱ्यालाच लावला. गडी शेत सोडून गेले, दुकानदार सामान देईना, लोहार आणि धोबीणही फिरकेनात. उत्तरेकडून पन्नासेक माणसं पीक काढायला आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला सुमारे हजार सैनिक-पोलीस. पिकाच्या किमतीच्या कित्येक पट खर्च सरकारच्या माथी बसला. डिसेंबर उजाडताच बॉयकॉट गाशा गुंडाळून निघून गेला.

या कृतीला नाव काय द्यायचं? अमेरिकन पत्रकार रेडपाथने लिहून ठेवलंय की, जड ग्रीक वळणाचा शब्द कुळांना कळणार नाही म्हणून गावचे पाद्री फादर ओमॅली यांनी कारभाऱ्याचं आडनावच सुचवलं. बघता बघता ते फ्रेंच, जर्मनमध्येही शिरलं.

या क्रियापदाला दिशा आहे: ते खालून वर जातं. ज्याच्या हाती जमीन, पोलीस, कोर्ट, त्याच्याविरुद्ध उपाशी माणसाने आपले कष्ट रोखून धरले. १९०५ नंतर टिळकांनी चतुःसूत्रीत घेतलेला बहिष्कारही साम्राज्याकडे तोंड करून होता.

मग गावकी एका घराचं पाणी-किराणा तोडते, जातपंचायत आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीला माहेर बंद करते, त्यालाही आपण 'सामाजिक बॉयकॉट' का म्हणतो? मुंबई सरकारने दलित-आदिवासींच्या स्थितीच्या चौकशीसाठी १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिच्यात डॉ. आंबेडकर सदस्य होते, हे हत्यार उघड मारहाणीहून भयंकर ठरवलं होतं. कारण पाटलाच्या शेतावर पोट असलेल्या दलिताने हक्क मागितला की त्याची मजुरी आणि वाट दोन्ही बंद व्हायची. महाराष्ट्राला त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करायला २०१६ उजाडलं.

बातमी लिहिणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: अशा वेळी 'बॉयकॉट' लिहू नका. कुणी, कुणाचं पाणी तोडलं, ते नावानिशी लिहा.