अडीच फुटांवरून निसर्गदर्शन

दीड-दोन वर्षांच्या बाळाला मुंबईत निसर्गाची ओळख करून द्यायची, तर पहिली पायरी आजीला विश्वासात घेण्याची. तिला न विचारता निघालेल्या मोहिमेत टोपी घरीच राहते, मऊ भाताचा डबा तर भरलेलाच नसतो आणि परतल्यावर बाळाची प्रत्येक शिंक निसर्गाच्या नावे जमा होते.

दुसरी पायरी वार पाहण्याची. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद असते. ही माहिती सर्वांना असते, फक्त खास बुधवारची रजा टाकलेल्या बाबांना नसते. अशा वेळी खचून जाऊ नये. बाळ फाटकाच्या कुलुपावरही खूश असते.

तिसरी पायरी अभ्यासक्रमाची, आणि घोटाळा इथेच होतो. वाघ कसा करतो, माऊ कशी करते, याची घरी सोफ्यावर महिनाभर उजळणी झालेली असते. प्रत्यक्षात काचेपलीकडचा वाघ पाठ करून झोपलेला असतो. दिवसाचा बराच वेळ लोळत काढणे हा त्याच्या कुळाचा धर्मच आहे. त्याने आपल्या बाळासाठी तो मोडावा, ही अपेक्षा गैर. तरीही डरकाळी हवीच असेल, तर ती बाबांनी द्यावी. देताना आजूबाजूला ऑफिसमधले कोणी नाही, याची खात्री करून घ्यावी.

पेंग्विनकक्षात शिरताना आई हमखास सांगते, 'बर्फातला पक्षी बघायचाय ना?' हे सांगू नये. इथले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले. त्यांचे मूळ घर पेरू आणि चिली यांचा किनारा. तिथे समुद्राचा प्रवाह थंड असतो, पण काठाला चक्क वाळवंट आहे. अर्थात बाळाच्या दृष्टीने हा तपशील गौण ठरतो, कारण तोवर त्याला कठड्याच्या बुडाशी वेफरचा तुकडा ओढत नेणाऱ्या मुंग्या सापडलेल्या असतात. मागून रांग खोळंबते, आजोबा 'अगं, वर बघ, वर!' म्हणत राहतात. त्यांनी वाकून मुंग्या बघाव्यात. गुडघे साथ देत असतील, तर.

या वयाला राणीच्या बागेतला सर्वोत्तम प्राणी म्हणजे एक झाड आहे. कैलासपती. बाकीची झाडे फुले शेंड्यावर ठेवतात आणि बाळाला मान मोडून वर बघायला लावतात. हे झाड थेट खोडावरच फुलते. खाली पडलेले फूल उचलावे. पाकळ्या जाड, गुलाबी, हाताला गारेगार. मधोमध इवल्या पिंडीवर नागाच्या फण्यासारखी झूल. आजी त्यात शंकर बघते, आई मोबाइलने फोटो काढते आणि बाळ एक पाकळी तोंडात घालते. ती शांतपणे काढून घ्यावी. फळे मात्र तोफगोळ्याएवढी आणि तितकीच वजनदार असतात, त्यामुळे त्यांच्या खाली बैठक मारू नये.

पावसाळ्यात तर तिकीटही लागत नाही. सोसायटीच्या कुंपणाशी वाणी निघतो. बाळाने बोट लावताच तो पैशासारखी गुंडाळी करून पडतो, आणि हा प्रयोग बाळ अंधार पडेपर्यंत करू शकते. पालकांनी एकच फरक पाठ करावा: वाणी गोल अंगाचा, संथ, शरीराच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या, गोम चपटी, चपळ, वळ्याला एकच जोडी आणि चावरी. पाय मोजत बसायची वेळ आली, तर तो प्राणी वाणी समजावा. गोम तेवढा वेळ देत नाही. नंतर साबणाने हात धुवावेत. वाणीही अंगातून झोंबणारा रस सोडू शकतो.

आता प्रगत अभ्यासक्रम: चौपाटी. इथे पंचांग लागते. कोळीवाड्यातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे ओहोटी ऐन बाराच्या उन्हात, वर भांगाची, म्हणजे पाणी फारसे हटतच नाही. अमावास्या-पौर्णिमेला पाणी छान हटते, पण सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. तृतीयेला मात्र सव्वादोनची भरती, म्हणून सकाळी सव्वाआठची ओहोटी: न्याहारीनंतर आणि दुपारच्या झोपेआधी. बाळाच्या सोयीची अशी तिथी पंधरवड्यातून एकदाच येते. त्या दिवशी पाहुण्यांना बोलावू नये.

ओल्या वाळूत नखाएवढे खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्यांची रांगोळी मांडत असतात. वाळूतले खाण्याजोगे तेवढे गिळायचे आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकायची, असा त्यांचा धंदा. पावलांची चाहूल लागताच सगळे बिळात. ते पुन्हा वर यायला दोन-तीन मिनिटे स्तब्ध राहावे लागते. बाळ दोन-तीन मिनिटे स्तब्ध राहते की नाही, हा प्रश्न विचारू नये. त्याला मूठभर ओली वाळू द्यावी. ते स्वतःच गोळ्या करू लागते आणि खेकडे बाहेर येतात. मग बाबांना सक्त ताकीद द्यावी की 'ते बघ, ते बघ!' म्हणत हात नाचवायचे नाहीत. ती ते पाळणार नाहीत असे गृहीत धरून खेकड्यांसाठी आणखी तीन मिनिटे आणि बाबांसाठी एक शहाळे राखून ठेवावे.