डिसेंबरातले गुलाब

आमच्या घरात वकिली होती ती एका काळ्या कोटाच्या रूपाने. आजोबा तालुक्याच्या कोर्टात वकील होते, आणि संध्याकाळी ते घरी आले की कोट खुंटीवर जाई. अंगातून उतरल्यावरही तो कुणाची तरी उलटतपासणी घेत असल्यासारखा ताठ लोंबत राही. आजोबांचे शासकीय संबंध तलाठ्यापर्यंत पोचत आणि परराष्ट्र धोरण बांधापलीकडच्या शेजाऱ्यापाशी संपे. त्यांच्याकडचे निम्मे दावे वहिवाटीचे. एकाच्या शेतातून दुसऱ्याची बैलगाडी जाते. वाडवडिलांच्या काळापासून जाते, की गेल्या सुगीपासूनच जायला लागली, एवढाच काय तो प्रश्न. त्यावर दोन पिढ्या म्हाताऱ्या होत, बैल बदलत, कधी कधी गाडीची चाकंही मोडून सरपणात जात. तारीख मात्र पडत राही.

परवा रद्दीच्या दुकानात एम. सी. छागलांचं इंग्रजी आत्मचरित्र हाती लागलं, तेव्हा मला हा कोट आठवला. छागलांचं आयुष्य आजोबांच्या आयुष्यापेक्षा फारच लांबरुंद. जन्म 1900चा, मुंबईतला. ऑक्सफर्ड, बॅरिस्टरी, जिनांच्या चेंबरमध्ये उमेदवारी. मग गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजात प्राध्यापकी, जिथे आंबेडकरही शिकवत. 1941 मध्ये न्यायमूर्ती, 1947 मध्ये मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती. पुढे अमेरिकेत राजदूत, लंडनला उच्चायुक्त, शिक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री. एका माणसाने इतक्या खुर्च्या भराव्यात म्हणजे लग्नघरातल्या पंगतीचीच गोष्ट झाली. पण मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं आडनाव. घरचं आडनाव ‘मर्चंट’. त्याला पैशाचा वास येतो म्हणून पोराने आपल्या आजोबांना दुसरं नाव विचारलं, आणि त्यांनी कच्छी बोलीतला शब्द काढून दिला: छागला, म्हणजे लाडका. लाडक्या बहिणींच्या योजनेच्या कितीतरी आधी मुंबईच्या हायकोर्टात एक लाडके मुख्य न्यायमूर्ती बसून गेले, आणि पुकारा करणाऱ्या शिपायालाही त्याचा पत्ता नसावा.

याच लाडक्या न्यायमूर्तींनी 1956 मध्ये हायकोर्टात एका शिलालेखाचं अनावरण केलं. ज्या दालनात 1908 साली लोकमान्यांना शिक्षा सुनावली गेली, त्याच्याच दाराशी लोकमान्यांचे त्या वेळचे शब्द दगडात कोरून बसवले. कोर्टाने स्वतःच्याच निकालावर अठ्ठेचाळीस वर्षांनी अपील करावं आणि स्वतःच ते मंजूर करावं, असा हा प्रकार. आजोबा असते तर त्यांनी आधी मुदतीच्या कायद्याचा मुद्दा काढला असता आणि मग हळूच डोळे पुसले असते.

आणि मग ते 1958 साल. मुंद्रा प्रकरणाची चौकशी छागलांकडे आली. सरकारी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंद्रांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रुपये गुंतवले होते. चौकशी उघड्यावर चालली, बाहेरच्या गर्दीसाठी कर्णे लावले गेले, आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना पायउतार व्हावं लागलं. त्याच वर्षी सेटलवाडांच्या विधी आयोगाने शिफारस केली की न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदं घेऊ नयेत. छागला त्या आयोगाचे सदस्य होते. सहीची शाई वाळते न वाळते तोच ते राजदूत म्हणून वॉशिंग्टनला निघाले. सेटलवाडांनी आपल्या आत्मचरित्रात ही नाराजी नोंदवून ठेवली आहे, आणि तिच्याशी वाद घालणं मलाही जमणार नाही. मात्र रागावताही येत नाही, कारण आमच्या आजोबांनीही एकदा शपथ घेतली होती, अशिलाच्या घरचा चहा घ्यायचा नाही. पुढच्याच आठवड्यात ते एका अशिलाकडे बासुंदी खाताना सापडले. आजीने विचारलं तर म्हणाले, “अगं, शपथ चहाची होती.”

राजदूत म्हणजे तरी काय, एकाच अशिलाचा वकील. हे अशील फी देत नाही आणि वकीलपत्र परत घेते तेही तारेने. राजदूतपद संपल्यावरही ही वकिली सुटली नाही: 1964 मध्ये काश्मीरवर सुरक्षा परिषदेत भारताची बाजू मांडायला छागला गेले, तेव्हा ते होते शिक्षणमंत्री. समोर पाकिस्तानचे भुट्टो. दोघंही ऑक्सफर्डचे, दोघंही बॅरिस्टर, दोघांच्याही शाळा मुंबईतल्या. न्यूयॉर्कमध्ये बसून दोन मुंबईकर भांडत होते, आणि जग कानाला यंत्र लावून ऐकत होतं.

पण माझं मन गुंतलं ते हेगमध्ये. पोर्तुगिजांच्या दमणहून त्यांच्याच दादरा-नगर हवेलीला जायची वाट भारताने अडवली म्हणून पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि भारताच्या वतीने तदर्थ न्यायाधीश म्हणून बसले छागला. मी वाचता वाचता थांबलो. हा तर वहिवाटीचा दावा! गाडी कधीपासून जाते, कोणाच्या परवानगीने जाते, गाडीत काय असतं. सगळे प्रश्न तालुक्याचेच, फक्त बैलांच्या जागी साम्राज्य जुंपलेलं. 1960 मध्ये निकाल लागला. साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारांना नव्हती. आणि भारताने काही वावगं केलेलं नाही. छागलांनी भिन्नमत नोंदवलं, आणि पोर्तुगालने नेमलेल्या न्यायाधीशांनीही. आजोबा म्हणत, दोन्ही बाजू तोंड वाकडं करून बाहेर पडल्या की समजावं, निकाल बरा लागला.

1967 मध्ये भाषेच्या प्रश्नावर छागलांनी मंत्रिपद सोडलं. विद्यापीठांतून इंग्रजी घाईघाईने हटवायला त्यांचा विरोध होता. मराठीत हे लिहिताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं, पण खुर्ची सोडून पुन्हा वकिलीचा काळा कोट चढवणाऱ्या माणसाशी भांडायला शब्द सापडत नाहीत.

राहिलं पुस्तकाचं नाव. ‘रोझेस इन डिसेंबर’. विलायतेत डिसेंबरात गुलाब कुठले. म्हणून म्हातारपणीच्या आठवणींना ते नाव. मुंबईत वाढलेल्या माणसाने थंडी मात्र तिकडची उसनी आणली. आजोबांचा गावठी गुलाब तेलाच्या डब्यात लावलेला होता. कोर्टाला नाताळची सुट्टी लागली की तो असा फुलायचा की आजी शेजारीपाजारी वाटून थकायची, आणि एखादं फूल खुंटीवरच्या कोटाच्या खिशात खोचून ठेवायची. सुट्टी संपली की आजोबा ते तसंच घेऊन कोर्टात जात, बहुधा लक्षात न आल्यामुळे.

पुस्तक घरी आणताना वाटेत रोपवाटिकेपाशी थांबलो. माळ्याला म्हटलं, “काका, गुलाब डिसेंबरात फुलतो का हो?”

त्यांनी मला नीट वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. “मग काय मे महिन्यात फुलायचा?”