निधीप्रमुख

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटपासून बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनापर्यंत, नाहीतर पेठेतल्या अरुंद जिन्यावरच्या एखाद्या खासगी क्लासात, कुठल्याही जर्मनच्या वर्गात डोकावा. युरोपात नोकरी करू देणाऱ्या ब्लू कार्डवर डोळा ठेवून बसलेला इंजिनिअर, बी-2 च्या परीक्षेपायी झोप उडालेली नर्स आणि स्टुटगार्टच्या नातवाशी बोलता यावं म्हणून आलेले निवृत्त काका ही मंडळी असतातच. त्यांच्यात एक प्राणी आपोआप उगवतो. त्याला कुणी निवडत नाही, नेमत नाही. तो निधीप्रमुख.

जर्मन येणं ही या पदाची अट नाही. डेर, डी, डास या उपपदांपैकी कुठे काय लावायचं हे तो नशिबावर सोपवतो. ‘हेल्फन’, म्हणजे मदत करणे, या क्रियापदाला डाटिव विभक्ती लागते हे सांगून सांगून मॅडमचा घसा बसला, तरी पेपरात हा तिथे अक्युझाटिव ठोकून मोकळा. प्रत्यक्ष मदतीची वेळ आली की मात्र गडी पहिल्या बाकावर.

डिसेंबरात वर्गाचा नाताळबाजार भरतो तो त्याच्याच जिवावर. तिथे ग्ल्यूवाइनच्या, म्हणजे गरम मसालेदार वाइनच्या, जागी गरम कोकम असतं आणि बटाटेवड्यापुढे ‘कार्टोफेलक्नोडेल’ अशी पाटी. पाटीमुळे वडा दुप्पट भावाने जातो. मागणी जर्मनमधूनच करायची. मराठी शब्द तोंडातून निसटला की दहा रुपये दंड, थेट मदतनिधीच्या डब्यात. हा नियम शिक्षकांनाही लागू. तिखट चटणी लागून मॅडम “अगं बाई!” म्हणाल्या, तेव्हा त्याने शांतपणे डबा पुढे केला. सर्वाधिक उत्पन्न अर्थातच ए-1 च्या, म्हणजे अगदी नवशिक्यांच्या, बॅचचं. बी-2 वाल्यांबद्दल त्याचं मत फारसं बरं नाही. “हुशार आहेत हो, पण निधीला उपयोग शून्य!”

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पुराने वेढलं, तेव्हा अशा निधीप्रमुखांचं खरं पाणी दिसलं. वर्गात जुन्या कपड्यांची गाठोडी येऊन पडायला लागली. काकांनी तर स्वतःच्या लग्नातला कोट आणला, इस्त्री करून.

“काका, तिथे लोकांच्या घरात चिखल आहे. कोट घालून काय चिखल उपसतील? हा ठेवा घरी आणि पाचशे द्या.”

काकांनी पाचशे दिले, वर कोटही दिला. मग निधीप्रमुखाने तिकडच्या लोकांना फोन करून नेमकं काय हवंय ते विचारलं आणि यादी फळ्यावर लिहिली: चादरी, फिनेल, सॅनिटरी पॅड, वह्या. त्या दिवशी फळ्यावर व्याकरणाला जागा उरली नाही. मॅडमनीही डस्टर उचललं नाही.

पैशाच्या बाबतीत तो भलता काटेकोर. कुणी ऐटीत नोटांची गड्डी काढली की ताबडतोब ऐकवतो, “रोख दोन हजारांच्या वर गेलात तर देणगीवरची करवजावट नाही मिळायची. चेक द्या, संस्थेच्या नावाने.” सगळं आटोपलं की सूचनाफलकावर हिशेब लागतो. त्यात ‘फाटकी पन्नासची नोट 1, बँकेतून बदलून घेतली’ अशी नोंद असते आणि खाली ‘सेलोटेप : स्वखर्च’. मागच्या वर्षीच्या वर्गणीतले वीस रुपये कुणाकडे येणे आहेत तेही असतं, नावानिशी. त्यामुळे लोक त्याला टाळतात, वैतागतात आणि पैसे मात्र त्याच्याच हातात देतात.

जर्मन शिकलेले सगळे जर्मनीला पोचतातच असं नाही. याने गोळा केलेला पैसा मात्र जिथे पोचायचा तिथे पोचतो. तेव्हा तो जिन्यात आडवा आला तर फोन आल्याचं सोंग करून सटकू नका. दहा रुपये सुटे ठेवा आणि पावती मागून घ्या. पावती मागणारा माणूस त्याला फार आवडतो.