उतारवयातील प्रेम : कस्टम ड्युटीसह

ज्येष्ठांना ऑनलाइन भेटणारा प्रियकर ठरावीक साच्यातून निघतो. तो अमेरिकी लष्करातला अधिकारी, ब्रिटनमधला सर्जन किंवा भर समुद्रातल्या तेलविहिरीवरचा इंजिनिअर असतो. हमखास विधुर असतो. त्याची मुलगी बोर्डिंगमध्ये असते आणि फोनचा कॅमेरा कायमचा बिघडलेला असतो. लष्करी प्रियकराला रजेवर यायचे तर आधी पैसे भरावे लागतात, आणि ते अंधेरीतल्या किंवा कोथरूडमधल्या निवृत्त शिक्षिकेने भरायचे असतात. सैनिकाला रजेसाठी पैसे भरावे लागत नाहीत, एवढी साधी गोष्ट शेवटी अमेरिकी लष्करालाच जाहीर करावी लागली. आजोबांसाठी घटस्फोटित, दोन आजारी लेकरांची आई अशी स्वतंत्र आवृत्ती उपलब्ध असते.

पहिले काही आठवडे हा प्रेमवीर काहीच मागत नाही. सकाळी ‘गुड मॉर्निंग डिअर’, दुपारी ‘जेवलीस का?’, रात्री ‘बीपीची गोळी घेतली का?’. यातला एकही प्रश्न घरात कोणी विचारलेला नसतो. घरातून येणारी वाक्ये साधारण अशी : ‘आई, तुला नाही कळायचं’, ‘बाबा, ओटीपी सांगा पटकन’. भामट्याचे भांडवल म्हणजे त्याच्याकडे असलेला वेळ. ते त्याला घरच्यांनीच पुरवलेले असते.

मग पार्सल निघते. त्यात आयफोन, सोन्याचा हार आणि पौंडांची पुडकी असतात. दोन दिवसांनी ‘दिल्ली विमानतळाच्या कस्टम ऑफिसातून’ एक मॅडम हिंदीत बोलतात. आधी ड्युटी, मग दंड, मग मनी लॉन्डरिंगचे सर्टिफिकेट. प्रत्येक रक्कम वेगळ्याच माणसाच्या बचत खात्यात. सीमाशुल्क खाते कोणाच्या वैयक्तिक खात्यात ड्युटी मागत नाही. त्याच्या पत्रावर ओळख क्रमांक असतो आणि तो सरकारी संकेतस्थळावर पडताळता येतो. पण प्रेमात पडताळणी करणे हा अविश्वास समजला जातो, आणि पार्सल कस्टममध्येच म्हातारे होते.

२०२५ मध्ये मुंबईतले एक प्रकरण उघडकीस आले. ८० वर्षांच्या गृहस्थांनी समाजमाध्यमांवर ‘भेटलेल्या’ स्त्रियांना ७३४ व्यवहारांत जवळपास ९ कोटी रुपये पाठवले होते. मुलाकडे पैसे मागितले, तेव्हा कुठे घरी संशय आला. पेन्शनरने नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला नाही, तर आपली व्यवस्था त्याचे पेन्शन थांबवते. माणूस जिवंत आहे की नाही, याची तिला इतकी काळजी. ७३४ वेळा पैसे पाठवणारा माणूस मात्र निर्विवाद जिवंत असल्याने चौकशीची गरज भासत नसावी.

पलीकडे टाइप करणाराही सुखात असेलच असे नाही. कंबोडिया आणि म्यानमारमधल्या कुंपणबंद वसाहतींत नोकरीच्या आमिषाने नेलेले हजारो तरुण कोंडून ठेवले जातात आणि त्यांच्याकडून हेच काम करून घेतले जाते. त्यांत भारतीयही आहेत. म्हणजे अंधेरीच्या आजींचा कर्नल हा प्रत्यक्षात पासपोर्ट हिरावून घेतलेला एखादा बेकार पदवीधर असू शकतो.

प्रतिबंधासाठी विरंगुळा केंद्रात व्याख्यान ठेवतात. स्लाइड्स इंग्रजीत, माइक बंद, शाल-श्रीफळ वेळेवर. उपयोगाच्या गोष्टी त्यापेक्षा थोड्या आहेत. फोटो गूगलवर शोधावा. ‘कर्नल’ बहुधा तीन वेगवेगळ्या नावांनी सापडतो. व्हिडिओवर न दिसणाऱ्याला रुपयाही देऊ नये. पैसे गेलेच तर लाजेने चॅट पुसू नये, तोच पुरावा असतो. ‘फी भरा, पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा वकील म्हणजे बहुधा त्याच टोळीचा दुसरा विभाग.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. म्हणून मुला-सुनांनी आधी १९३० लावावा. आई-वडिलांवर ओरडणे नंतरही जमते.