पाहून घेतलं!

सावनेरात युरोप पाहून आलेला माणूस लपत नाही. सहल कंपनीची निळी पिशवी पुढे कित्येक वर्षं संत्र्याच्या बागेत डबा न्यायला कामी येते आणि "हे कुठली हो?" असं कोणी विचारायची वाट बघत राहते.

आमचे काका त्यातलेच. माणूस मुळात बागाईतदार. पॅरिसला लूव्र संग्रहालयाच्या काचेच्या पिरॅमिडपुढे सगळे फोटो काढत होते, तेव्हा काका "या काचा पुसते कोन?" याची चौकशी करत होते. आत शिरण्याआधी मुलाला फोन झाला: "ठिबक सुरू केलं का बे? इथं दहा वाजले, तुमच्याकडं दीड. ऊन मरणाचं असंन."

संग्रहालय मोजायचं त्यांचं माप एकच, नागपूरचा अजब बंगला. "हे १७९३ चं, आपला १८६३ चा. सत्तरच वर्षं मागं हावोत आपन!" हे अशा थाटात सांगतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, अजब बंगल्यानं जरा जोर लावला की झालंच.

मोनालिसाशी मात्र त्यांचं जमलं नाही. "७७ बाय ५३ सेंटीमीटर! घरचा गजानन महाराजांचा फोटो याच्याहून मोठा हाय." त्यात समोर उंचावलेल्या मोबाइलांमधून तिचं कपाळ तेवढं दिसलं. तरी काका म्हणाले, "पाहून घेतलं!" हा त्यांचा शिक्का. हिमालय असो, नाहीतर भाच्यासाठी सांगून आलेली मुलगी, पाहून घेतलं की विषय संपला. १९११ साली ते चित्र चोरीला गेलं, तेव्हा पॅरिसची माणसं रिकामी भिंत बघायला रांग लावून आली होती, हे गाइडनं सांगितलं तेव्हा एकटे काकाच खूश झाले. "पाहा! म्हंजे आपल्यासारखेच लोक हायेत."

गर्दीचा धक्का बसला, काका गर्रकन वळले आणि तिथंच खिळले. समोरच्या भिंतीवर चित्रकार व्हेरोनीजचं 'काना गावचं लग्न' होतं, जवळजवळ १० मीटर रुंद. गावातल्या प्रत्येक पंगतीत वाढलेला हा माणूस. त्यानं ते चित्र पंगत बघावी तसं बघितलं. वाढपी किती, मधोमध वाजंत्री, वर मांस कापणारे, खाली कुत्री, मांजर भांड्याशी खेळतंय. लग्नात दारू संपली आणि येशूनं पाण्याची दारू केली, ही गोष्ट गाइडनं सांगितली. काकांना त्या चमत्काराचं काही नाही. "संपलीच कशी? अंदाज कोनं केला होता?"

पण त्यांना खरं लागलं ते वेगळंच. एवढ्या शे-सव्वाशे माणसांत नवरानवरी कुठे? पार डाव्या कोपऱ्यात, टेबलाच्या टोकाला. "पाहा बाप्पा, ज्याचं लग्न त्यालेच कोनी इचारत नाही. तिकडं बी!" ग्रुप पुढे गेला, काकू हाका मारून थकल्या. काका अजून वाढपीच मोजत होते.

आता कुठल्याही लग्नाला गेले, की काका आमदारांच्या सोफ्याकडे फिरकत नाहीत. आहेराचं पाकीट खिशातच ठेवून आधी तडक स्टेजवर चढतात. परवा खाप्याकडच्या एका लग्नात फोटोग्राफरला बाजूला सारून त्यांनी नवरदेवाला विचारलं, "जेवले का बे दोघंही?"

"नाही नं काका, सायंकाळपासून उभेच हावोत."

मग काय! काकांनी कॅटररला मांडवाच्या मधोमध असं झापलं, की पहिली दोन ताटं स्टेजवर आली. त्यातल्या एका ताटात जिलेबी नव्हती, म्हणून ते परत खाली गेले.